काचेची स्लाइड की पडद्यावरची? पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजीसाठी

मिशिगन विद्यापीठाचा स्कॅन केलेल्या स्लाइड्सचा संग्रह फुकट पाहता येतो, रात्री अकरालाही उघडतो. कॉलेजचा मायक्रोस्कोप मात्र प्रॅक्टिकलच्या वेळेपुरताच हाती येतो. त्यामुळे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला हिस्टॉलॉजीचा, म्हणजे ऊतींच्या सूक्ष्म रचनेच्या अभ्यासाचा, वेळ कुठे घालवायचा, हा प्रश्न रास्त आहे. एच अँड ई (छेद गुलाबी-जांभळा रंगवायची नेहमीची पद्धत) म्हणजे काय आणि कोणती लेन्स कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो.

पडद्याची बाजू भक्कम आहे. लिम्फ नोड, प्लीहा, थायमस आणि टॉन्सिल यांत पेशी सगळीकडे त्याच, निळ्या ठिपक्यांसारख्या. ओळख पटते ती मांडणीवरून, अनुक्रमे: कॅप्सूलखालचा सायनस, फॉलिकलमध्ये एका बाजूला सरकलेली धमनिका, हॅसलचे कॉर्पसल्स, क्रिप्ट. काचेवर ४एक्सलाही जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटरचा भाग दिसतो. पडद्यावर अख्खा छेद (अवयवाचा पातळ काप) एका नजरेत येतो. (लॅबमध्ये यावर तोडगा आहे: आयपीस काढा, उलटा धरा आणि भिंगासारखा वापरा.) तिरका छेद ओळखायलाही पडदा बरा. श्वासनलिकेचं एपिथेलियम (आतलं पेशींचं अस्तर) तिरकं कापलं गेलं की चांगलं सहा-सात थरांचं वाटतं. कडेकडेने सरकत सरळ कापलेली जागा शोधणं माऊसने पटकन होतं.

तरीही माझा कल काचेकडे आहे, आणि त्यामागे एकच अडचण आहे: पडद्यावर फाईन फोकस नाही.

छेद असतो ४ ते ५ मायक्रॉन जाडीचा. ४०एक्स लेन्सला एका वेळी त्यातला साधारण एक मायक्रॉनचा थर स्पष्ट दिसतो. म्हणजे छेदात वरखाली तीन-चार वेगवेगळी चित्रं असतात. स्कॅनर बहुतेक वेळा त्यातलं एक निवडतो आणि तेच कायमचं होऊन बसतं. झूम कितीही करा, मिळतो तो त्याच थराचा मोठा फोटो.

हृदयाच्या स्नायूची स्लाइड घ्या. इंटरकॅलेटेड डिस्क (दोन स्नायूपेशींमधला जोड) एच अँड ईमध्ये मुळातच फिकी. काचेवर कंडेन्सर किंचित खाली घ्यायचा, आयरिस अर्धी मिटायची आणि फाईन नॉब अगदी किंचित मागेपुढे करत राहायचं. तंतूला आडवी, पायरीपायरीची गडद रेघ उमटते आणि पुन्हा विरते. स्कॅनमध्ये प्रकाश आणि फोकस दोन्ही आधीच ठरलेले असतात, सॉफ्टवेअरचा कॉन्ट्रास्ट वाढवून ती रेघ तशी निघत नाही. आतड्याच्या पेशींवरच्या ब्रश बॉर्डरचं आणि केसांसारख्या सिलियांचंही थोड्याफार फरकाने तेच.

दुसरं उदाहरण काळ्या-तपकिरी कणांचं. ते पेशीतलं रंगद्रव्य की वर साचलेला रंग? नॉब फिरवला की साचलेला रंग पेशींच्या वरच्या पातळीवर स्पष्ट होतो आणि केंद्रकं धूसर होतात. रंगद्रव्य केंद्रकांबरोबरच फोकसमध्ये येतं. पडद्यावर याचा निकाल बहुधा लागत नाही.

काचेचा त्रास नाही असं नाही. १०एक्सला झकास दिसतं आणि ४०एक्सला काही केल्या फोकस होत नाही, तर आधी स्लाइड उलटी ठेवली नाही ना ते पाहा. कव्हरस्लिप जेमतेम ०.१७ मिलिमीटरची आणि स्लाइड एक मिलिमीटरची. एवढी काच मध्ये आली की ४०एक्स पोहोचत नाही. स्लाइड सरळ असून चित्र धुकट असेल, तर कुणीतरी १००एक्सचं तेल ४०एक्सला लावून ठेवलेलं असतं. लेन्स पेपरवर अगदी थोडं झायलीन घेऊन हलकेच पुसा, लगेच कोरड्या कागदाने टिपा. रुमाल किंवा ॲप्रनचं टोक वापरू नका. उन्हात राहून इओसिन (गुलाबी रंग) उडालेली स्लाइड मात्र दुरुस्त होत नाही, दुसरी मागून घ्या.

ट्रेमधल्या पॅरोटिडच्या (कानाजवळच्या लाळग्रंथीच्या) कोणत्याही दोन स्लाइड्स सारख्या नसतात, हा काचेचा मला फायदाच वाटतो. एकीत रंग गडद, दुसरीत घडी पडलेली, तिसरीत चरबी जास्त. पडद्यावरची एकच देखणी स्लाइड घोटली की ती स्लाइड पाठ होते; मग परीक्षेत पॅरोटिड समोर आली की स्वादुपिंड लिहिलं जातं, कारण पॅरोटिडमध्ये असणारी आणि स्वादुपिंडात नसणारी स्ट्रायेटेड डक्ट शोधायची सवयच लागलेली नसते. शिवाय २०१९पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमातही एपिथेलियम ‘मायक्रोस्कोपखाली ओळखणं’ अशीच अपेक्षा लिहिली आहे.

माझ्या मते वाटणी अशी करावी. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री पडद्यावर अख्खा अवयव पाहून घ्या: कुठली कड, कुठला थर. लॅबमध्ये तीन प्रकारचे स्नायू, एपिथेलियम, ग्रंथी आणि नस (नर्व्ह) काचेवरच पाहा, आणि जर्नलमधली गुलाबी-जांभळी आकृती मायक्रोस्कोपमध्ये दिसतं त्यावरून काढा. लिम्फॉइड अवयव पडद्यावर जास्त केले तरी चालेल. कॉलेजचे मायक्रोस्कोप अगदीच थकलेले असतील तर वर्गात लवकर जा, स्वच्छ ४०एक्सचा एक हेरून ठेवा आणि दर वेळी तोच घ्या.