पुण्यातील एका एनआयसीयूमध्ये 68 दिवस

सत्ताविसाव्या आठवड्यात, 940 ग्रॅम वजनाने जन्मलेली आमची मुलगी पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात 68 दिवस होती. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुफ्फुसांत सरफॅक्टंट, म्हणजे हवेच्या पिशव्या मिटू न देणारे द्रव्य, पुरेसे तयार झालेले नसते. ते पहिल्याच तासात नळीवाटे दिले गेले आणि तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर काढून तिला सीपॅपवर, म्हणजे नाकावाटे सतत हवेचा दाब देणाऱ्या यंत्रावर, ठेवले. यंत्रसामग्रीबद्दल तक्रारीला जागा नाही.

मात्र या विभागाची खरी ताकद सिस्टरांच्या हातांत आहे. दर दोन तासांनी एक मिली दूध देताना त्या सिरिंजचा दट्ट्या काढून ती उंच धरत आणि दूध नळीतून आपसूक उतरू देत. बाळ श्वास घ्यायचे विसरले आणि मॉनिटर वाजला, की तळपायाला हलकेच टिचकी मारत. मला दूध येईपर्यंतचे चार दिवस दूधपेढीतील दूध मिळाले. आशियातील पहिली दूधपेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात सुरू झाली, हे मला तेव्हा कळले आणि त्या अनोळखी आयांबद्दल मन भरून आले. दहाव्या दिवसापासून कांगारू पद्धतीने तिला रोज तासन्‌तास छातीशी धरू दिले. त्याआधी मी काचेच्या पेटीबाहेर केवळ उभी असे.

डॉक्टर रोज सकाळी बसून बोलत. पहिल्या आठवड्यात ‘वाचेल’ असे कोणीही म्हटले नाही. मेंदूच्या सोनोग्राफीत रक्तस्राव का शोधतात, हे मात्र नीट समजावले. खोट्या धीरापेक्षा मला हेच मोलाचे वाटले.

एका बाबतीत हा विभाग कमी पडला. 28 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची पहिली तपासणी दोन ते तीन आठवड्यांत व्हायला हवी. आमची, दोनदा विचारल्यानंतर, पाचव्या आठवड्यात झाली, कारण नेत्रतज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येत आणि मध्ये सुट्ट्या आल्या. पडदा ठीक निघाला, तरी अपुऱ्या दिवसांच्या काही बाळांत पडद्याचा आजार थोड्याच दिवसांत दृष्टी घेऊन जातो, त्यामुळे ही दिरंगाई मी क्षम्य मानत नाही. दाखल करतानाच नेत्रतज्ज्ञांचा वार विचारून ठेवावा.

घरी सोडल्यावरचा पाठपुरावा उत्तम आहे. वाढ मोजताना प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनचे वय धरतात. मुलगी जन्माने अकरा महिन्यांची, त्या हिशेबाने आठ महिन्यांची आहे. गेल्या तपासणीत ती डॉक्टरांच्या टेबलावर आधाराशिवाय बसली.