रायमंडी पार्कात ओकलंड बॉलर्सची मॅच : चार स्टार, पाचवा का कापला ते वाचा

आधीच सांगते, मी बेसबॉल एक्सपर्ट नाही. लग्न होऊन बे एरियात आले तेव्हा नवऱ्याने पहिल्यांदा बार्टने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, कोलिसियमला नेलं होतं, ॲथलेटिक्स या ओकलंडच्या बेसबॉल टीमच्या स्टेडियमला, स्टेशनवरून तो लांबलचक पूल चालत जायचा आणि पलीकडे ते करड्या सिमेंटचं धूड. टॉयलेटं तुंबायची आणि पाहुण्या टीमच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये पॉसम नावाचा जंगली प्राणी राहायचा, हे तर पेपरातही छापून आलं होतं. तरी तिथं जो ड्रम वाजायचा ना मैदानाच्या उजव्या बाजूच्या पायऱ्यांवर, त्यासाठी मी पुन्हा पुन्हा गेले. 26 सप्टेंबर 2024 ला शेवटची मॅच झाली, 46,889 लोक आले, टेक्सास रेंजर्सना 3-2 हरवलं आणि ॲथलेटिक्स ओकलंड सोडून गेले. त्यानंतर आमच्या घरात बेसबॉल हा शब्द बंद होता.

तर गेल्या शनिवारी लेकाच्या हट्टापायी बॉलर्स या ओकलंडच्या नव्या बेसबॉल टीमची मॅच बघायला गेलो. वेस्ट ओकलंडमधलं रायमंडी पार्क, जुनं पब्लिक मैदान, त्यात त्यांनी 2024 मध्ये स्वतःच्या खर्चाने पायऱ्या, दिवे वगैरे बसवून छोटं स्टेडियम उभं केलंय. चारेक हजार माणसं मावतात. ते खेळतात ती पायोनियर लीग म्हणजे सगळ्यात वरच्या मेजर लीगच्या खूप खाली, ज्या पोरांना मोठ्या टीमच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) कुणी घेतलं नाही किंवा घेऊन सोडलं अशी पोरं इथं खेळतात.

पार्किंगचं आधी बोलून टाकते, तिथल्या एका ॲपने माझे पैसे दोनदा कापले आणि परत मिळायला चार दिवस लागले, त्यात टीमचा काही दोष नाही, पण तुम्ही सरळ ट्रेनने जा.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली म्हणजे सगळं हाताच्या अंतरावर. पिचरने, म्हणजे बॉल टाकणाऱ्याने, टाकलेल्या बॉलचा ग्लोव्हमध्ये पडतानाचा 'थाड्' आवाज छातीत ऐकू येतो. कोलिसियममध्ये आम्ही स्वस्तातल्या तिकिटावर बसायचो, तिथून प्लेअर मुंगीएवढे दिसायचे. इथं एका फिल्डरने सोपा बॉल सोडला तर तो स्वतःला काय शिव्या घालतोय ते पण कळलं, लेकाचे कान झाकावे लागले. आणि सोडतात हो, भरपूर सोडतात. पिचर लोक वाईट बॉल टाकून बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर पाठवतात (त्याला वॉक म्हणतात), तेही एकामागून एक, तिसरी इनिंग तर संपतच नव्हती. क्लीन बेसबॉल बघायचा असेल तर ब्रिज ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला, मेजर लीगच्या जायंट्सकडे जा.

आमच्या पुढच्या रांगेत सत्तरीचे एक आजोबा होते, टोपी बॉलर्सची आणि जॅकेट जुनं ॲथलेटिक्सचं, आणि किल्ल्यांच्या जुडग्याला काचेची बोटभर बाटली, आत तपकिरी माती. लेकाने विचारलं हा मसाला आहे का. आजोबा खो खो हसले, मग म्हणाले की शेवटच्या मॅचनंतर मैदानावरच्या माणसाने कठड्यावरून दिलेली कोलिसियमची माती आहे ती. पुढच्या दोन इनिंग ते लेकाला स्कोअर कार्ड कसं लिहायचं ते शिकवत बसले, आणि मी मात्र मॅच सोडून भलताच विचार करत बसले.

कारण बघा ना, ॲथलेटिक्सचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. 1901 ला फिलाडेल्फिया, 1955 ला कॅन्सस सिटी, 1968 ला ओकलंड, आता 2025 पासून वेस्ट सॅक्रामेंटोत पाहुणे, तेही नावापुढे शहर न लावता, नुसते 'ॲथलेटिक्स', आणि 2028 ला लास व्हेगासला जायचं ठरलंय. तिकडे नेवाडा राज्याने 2023 मध्ये नव्या स्टेडियमसाठी 380 मिलियन डॉलरपर्यंत पब्लिकचा पैसा मंजूर केला, टॅक्स क्रेडिट, काउंटीचे (जिल्ह्याचे) बाँड असं करून. म्हणजे पैसा लोकांचा, टीम मालकाची, आणि उद्या मालकाला दुसरीकडे जास्त मिळालं की लोकांच्या तोंडाला पानं पुसणार. स्टेडियममुळे शहराची भरभराट होते हे इकॉनॉमिस्ट लोक कधीपासून खोडून काढतायत, तरी प्रत्येक शहराला वाटतं आपलं वेगळं आहे. ओकलंडला तर हे शिकवायचीही गरज नाही, रेडर्स फुटबॉल टीमला 1995 मध्ये परत आणायला कोलिसियमवर ती अवाढव्य 'माउंट डेव्हिस' नावाची बसायची गॅलरी कर्ज काढून बांधली, आणि टीम 2020 ला व्हेगासला निघून गेली तरी कर्ज फेडणं चालूच होतं. नवरी पळाली आणि मांडवाचे हप्ते चालू.

आणि वर ऐकवायचं काय तर ओकलंडचे लोक मॅचला येत नाहीत. अहो चांगले चांगले प्लेअर दुसऱ्या टीमना देऊन टाकले, ऑल्सन गेला, चॅपमन गेला, तिकिटं वाढवली, मग 2022 च्या सीझनभरात आठ लाख पण माणसं आली नाहीत यात नवल काय. तेच लोक 13 जून 2023 ला ठरवून आले, 27,759, हिरव्या टी-शर्टवर 'सेल' लिहून, म्हणजे बाबा रे टीम विक पण हलवू नकोस. पाचव्या इनिंगला आधी सगळे गप्प आणि मग एकदम आरडाओरडा, टीव्हीवर बघून पण काटा आला होता. मेजर लीगच्या सगळ्या टीम-मालकांच्या मीटिंगमध्ये त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात 30 विरुद्ध 0 ने टीम हलवायला मंजुरी. एकालाही हात वर करून 'थांबा' म्हणावंसं वाटलं नाही!

असो, मॅचकडे येते. नऊ इनिंगनंतर टाय झाली, आणि मला वाटलं आता बाराव्या इनिंगपर्यंत कुडकुडत बसायचं, तर या लीगमध्ये जादा इनिंगच नाहीत. दोन्ही टीमचा एकेक बॅटर येतो, मोजके बॉल मिळतात, ज्याचे होमरन, म्हणजे कुंपणापलीकडे मारलेले फटके, जास्त तो जिंकला. गावच्या पोरांनी गल्लीत ठरवलेला नियम वाटतो, पण काय मजा येते. बॉलर्सच्या पोराने शेवटच्या बॉलवर असा काही हाणला की कुंपणापलीकडे अंधारात गेला, ड्रम सुरू, आजोबा उभे, आणि अनोळखी बाईने मला मिठी मारली. मी पण मारली.

हे लोक नुसते प्रेक्षक नाहीत, त्यातल्या बऱ्याच जणांनी टीमचे शेअर पण घेतलेत, फॅन्सना थोडे थोडे पैसे घालून मालक होता येईल असं टीमनेच 2024 मध्ये केलं होतं. 2025 ला, दुसऱ्याच सीझनला, चॅम्पियनशिप आणली. ओकलंडच्या लोकांना हवी होती ती ही गोष्ट, हिरवा-पिवळा रंग नव्हे, शर्टवर लिहिलेलं शहराचं नाव.

आता एक स्टार का कापला. पायऱ्यांचा पत्रा तिसऱ्या इनिंगपर्यंत ठीक, मग बूड बधिर. आणि खाडीकडून जो वारा सुटतो तो जुलैतही हाडात शिरतो. खरं कारण तेवढंच नाही म्हणा, मला परत कशात जीव गुंतवायची भीती वाटते, पण त्याचा स्टार त्यांच्याकडून कापणं बरं नाही दिसत, म्हणून वाऱ्यावर ढकलते.

जाताना उशी न्या, स्वेटर न्या. जुनी ॲथलेटिक्सची टोपी कपाटात असेल तर ती घातली तरी चालते, कुणी काही म्हणत नाही.