तेलकट चेहरा असेल तर बेळगावच्या गणपत गल्लीतल्या काकूंकडे जा

माझी त्वचा तेलकट म्हणजे किती, तर सकाळी खानापुरातून पावडर लावून बसमध्ये बसले की पिरनवाडी येईपर्यंत नाकाचा शेंडा चमकायला लागतो. पतसंस्थेच्या काउंटरला बसायची वेळ होईस्तोवर कपाळसुद्धा. त्यामुळं मेकअपच्या दुकानांचा मला बराच अनुभव आहे, आणि त्यातल्या बहुतेकांनी मला पाच मिनिटांत काहीतरी गळ्यात मारून पाठवलंय. गेल्या वर्षी बहिणीच्या साखरपुड्याला अशीच एक फाउंडेशनची कांडी घेतली होती. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग अगदी जुळला. दुपारी जेवणाच्या पंगतीपर्यंत चेहरा विटकरी झाला आणि मान वेगळी दिसायला लागली. ते फोटो आई अजून भिंतीवर लावू देत नाही. तिच्या मनाला लागलंय ते.

म्हणून यंदा मे महिन्यात भावाचं लग्न ठरल्यावर मी नीट शोध घेतला आणि गणपत गल्लीतल्या या छोट्या दुकानाशी पोचले. बांगड्या, टिकल्या, पिना पुढं टांगलेल्या असतात. मेकअपचं सामान आत, डाव्या हाताला. काउंटरवर एक काकू बसतात. समोरच्या बाईशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत आणि मागच्या पोरीशी हिंदीत, असं सगळं एका दमात चाललेलं असतं. त्या दिवशी चंदगडहून बस्ता बांधायला आलेलं एक आख्खं घर दुकानात होतं. तरी त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"तोंड धुऊन आलीस काय?"
"नाही काकू, पावडर आहे."
"मग पूस की आधी. पावडरीवर रंग कसा कळणार?"

ओला रुमाल दिला. मग जबड्याच्या कडेला, कानाखालून हनुवटीकडं, तीन शेड्सच्या तीन बारीक रेघा ओढल्या. मनगटावर नाही. हाताचा रंग आणि तोंडाचा रंग एक नसतो, हे त्यांनीच सांगितलं. तिन्हीतली मधली मला लगेच पटली, मी पाकीट काढलं, तर म्हणाल्या, "गडबड करू नको गं. अर्धा तास बाजार फिरून ये. भाजी घे, काय घ्यायचं ते घे. मग उन्हात उभी राहून बघू."

विकायला बसलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला असं परत पाठवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तोंडावर तीन पट्टे घेऊन मी मारुती गल्लीत फिरले, थोडी लाज वाटली, पण फिरले. परत आले तेव्हा त्यांनी मला पायरीवर, उजेडात उभं करून आरसा हातात दिला. मला आवडलेली मधली रेघ चांगली काळपट झाली होती. सगळ्यात फिकी वाटलेली पहिली रेघ मात्र शोधावी लागली, इतकी मिसळली होती. तेलकट त्वचेवर फाउंडेशन अंगच्या तेलात मिसळतं, हवा लागते आणि रंग गडद होत जातो. साखरपुड्याला माझं काय चुकलं ते मला त्या पायरीवर कळलं.

मग पुढचं. मी आजवर मॉइश्चरायझर लावतच नव्हते, उलट दिवसातून चार वेळा साबणानं तोंड धुवायचे. काकूंनी साबण बंद करायला लावला. दोन वेळा सौम्य फेसवॉश, त्यावर जेलचं हलकं मॉइश्चरायझर, आणि पाच मिनिटं थांबायचं. प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, आख्ख्या तोंडाला नाही, नाक, नाकाशेजारचे गाल आणि कपाळाचा मधला भाग एवढ्यालाच, हरभऱ्याच्या डाळीएवढा, चोळायचा नाही, बोटानं दाबायचा. प्रायमर सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं असेल तर गालावर गोळ्या होऊ शकतात, म्हणून दोन्हींच्या मागचं लेबल त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. डायमेथिकोनसारखं 'कोन'वर संपणारं नाव घटकांच्या यादीत वर दिसलं की सिलिकॉन समजायचं. 'नॉन-कॉमेडोजेनिक' म्हणजे रंध्रं बुजवणार नाही असा दावा, तो बघून घ्यायचा. आणि मागे उघड्या डबीच्या चित्रात 12एम लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासून 12 महिने. माझ्या घरची एक डबी तीन वर्षांची होती. फेकली.

सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू मात्र सगळ्यात स्वस्त निघाली: तेल टिपायचे कागद. पूर्वी नाक चमकलं की मी त्यावर पावडर थापायचे, मग तेल, मग परत पावडर, असा थर. आता आधी कागद दाबते. दाबून उचलला की तेल लागलेली जागा काचेसारखी आरपार दिसते. मग पावडर, तीही पफ दुमडून नुसती टेकवायची.

लग्नात सकाळी नऊला मेकअप केला. कार्यालयात एसी नव्हता, दुपारभर उकाडा, संध्याकाळी वळीव येऊन गेला. दोनदा कागद लावला. नाकाच्या पाळ्यांजवळ थोडं निघालं हे खरं, पण चेहरा आणि मान एका रंगाची राहिली. हे फोटो आईनं स्वतः फ्रेम करून आणले.

तक्रार आहे ती एकच, आणि ती मला मनापासून सांगायची आहे. माझी बहीण सावळी आहे. तिच्यासाठी मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या फाउंडेशनमध्ये दुकानात फक्त दोन शेड निघाल्या, आणि त्यातली एकही तिची नव्हती. गोऱ्या रंगाच्या मात्र ओळीनं सात-आठ. आपल्याकडच्या किती मुली त्या सात-आठात बसतात? मी काकूंना तसं म्हटलं. त्यांनी वाद घातला नाही, वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "श्रावणात ये. मागवून ठेवते."

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तोंडाला काही न लावता जा. आणि बाजारातली बाकी कामं त्याच दिवशी ठेवा, म्हणजे तो अर्धा तास जड जाणार नाही.