मेल्यावर काय गेलेलं चालेल? चार अवघड गेम

‘एखादा अवघड गेम सुचव’ असं कुणी म्हणालं की मी आधी उलटा प्रश्न विचारते: मेल्यावर काय गेलेलं चालेल तुला? दोन सेकंद, अर्ध्या तासाची कमाई, की वीस तास जपलेलं माणूस? गेम किती अवघड आहे हे त्यानंतर बघू.

‘सेलेस्ट’ (2018) घ्या. नुसतं बोटांचं कसब पाहिलं तर या चौघांत हाच सगळ्यात कडक. उडी, हवेतली डॅश (झपाट्याची झेप) आणि भिंतीला लटकणं, एवढ्यावर डोंगर चढायचा. पण काट्यांवर पडलात की पापणी लवते न लवते तोच त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला उभे. वाटेत गोळा करायची स्ट्रॉबेरी घेऊन जमिनीवर टेकायच्या आत मेलात तर ती निसटते, बस्स. त्यामुळे एकाच उडीवर साठ वेळा मेले तरी मला राग येत नाही, हट्ट येतो. अगदीच जमेना तर असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग कमी करता येतो, मरणच बंद करता येतं. ते वापरायला लाजू नका.

‘डार्क सोल्स’ (2011) बरोबर उलटा. त्यातले शत्रू नीट पाहिले तर संथच म्हणायचे, पण खिशात काहीतरी असतं. सोल्स हे चलनही आणि लेव्हल वाढवायचं भांडवलही. मेलात की ते जागच्या जागी सांडतात. परत जाऊन उचलायची एकच संधी. वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. आणि वाटेतले बहुतेक शत्रू तोवर परत उठून बसलेले असतात! खरी गोची इथे होते. आधी सावधपणे चालणारा माणूस आता सांडलेलं वाचवायला धावत सुटतो, आणि धावला की मेलाच. मात्र नवख्यांना वाटतं तेवढं यात जात नाही. हत्यारं, उघडलेले शॉर्टकट, पाडलेले बॉस (वाट अडवणारे बलाढ्य शत्रू) सगळं शाबूत राहतं. बॉसच्या दारात जाण्याआधी सोल्स खर्चून टाकले तर गमावण्यासारखं फारसं उरतच नाही. हे कळेपर्यंत बऱ्याच जणांनी गेम सोडलेला असतो, कारण सोपी पातळी निवडायची सोय यात नाही.

‘हेडीस’मध्ये (2020) पाताळातून पळायचंय. हरलात की त्या फेरीत मिळालेली वरदानं, म्हणजे तात्पुरत्या शक्ती, जातात आणि तुम्ही घरी परत. पण घरी सगळे बोलायला टपलेले असतात, गोष्ट पुढे सरकते, कायमची ताकदही वाढवता येते. गेम सोपा करणारा गॉड मोड लावला तर सुरुवातीलाच 20 टक्के मार कमी बसतो आणि दर मरणामागे आणखी 2 टक्के, 80 पर्यंत. दिवसभर थकून खेळायला बसणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सुचवते. थोडी तक्रार आहेच: इतकं लाडात हरवलं की जिंकल्याचा थरार जरा पातळ होतो.

‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये (2012) बोटांना काम नाही, डाव आळीपाळीने चालतो. पण मेलेला सैनिक मेला. नावं तुम्ही स्वतः ठेवली असतील तर जास्तच लागतं. नेम लागायची शक्यता भलीमोठी दिसत असतानाही गोळी हुकते, आणि चूक तुमची की नशिबाची यावर रात्री वाद घालत बसता. परग्रहवासीयांशी लढणाऱ्या तुमच्या तुकडीला पैसा पुरवणाऱ्या परिषदेतले 16 पैकी 8 देश सोडून गेले की अख्खी मोहीमच संपते. आयर्नमॅन मोड लावला तर सेव्ह एकच, मागे फिरायची वाटच नाही.

म्हणजे वेळ तुकड्यातुकड्यात मिळत असेल तर ‘सेलेस्ट’ किंवा ‘हेडीस’. एकाच जागी अडकून चार दिवस चिडायची तयारी असेल तर ‘डार्क सोल्स’. तो बॉस पडल्यावर हात थरथरतात, तसे बाकी तिघांत माझे कधी थरथरले नाहीत. ‘एक्सकॉम’ घेतलात तर पहिली मोहीम आयर्नमॅनशिवाय खेळा. लाडका सैनिक पडल्यावर हात आपोआप जुन्या सेव्हकडे जातो का, तेवढं बघा.