नाताळात घरच्यांसोबत कुठला जुना सिनेमा लावावा?

24 डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे नाताळच्या प्रार्थनेला, जायचं असेल, तर त्या संध्याकाळी दोन तासांचा सिनेमा लावू नका. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या घरांत त्या दिवशी नेवऱ्या तळायच्या असतात, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचं गवत अजून नीट बसायचं असतं, मुंबईहून येणारं कोणीतरी वाटेतच असतं. म्हणून आधी ठरवा, कुठल्या संध्याकाळी आणि कोण कोण बसणार. सिनेमा त्यावरून निवडता येतो.

24 तारखेसाठी माझी निवड ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’. 1965 साली अमेरिकन टीव्हीसाठी केलेला, जेमतेम 25 मिनिटांचा. दिव्यांच्या झगमगाटाला आणि बक्षिसांच्या मागण्यांना कंटाळलेला चार्ली ब्राउन शेवटी ओरडून विचारतो, नाताळ म्हणजे नक्की काय ते कोणी सांगेल का? तेव्हा त्याचा मित्र लायनस रंगमंचाच्या मध्यभागी उभा राहून लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा उतारा म्हणतो. ‘भिऊ नका’ हे शब्द येतात तेव्हा एरवी क्षणभरही न सुटणारी त्याची चादर हातातून गळते. मुलांना हे आधी सांगू नका, कोणाच्या लक्षात येतं ते बघा. नाताळच्या सिनेमांत सांता आणि बर्फ भरपूर असतो, बाळ येशू मात्र शोधावा लागतो. इथे तो मधोमध आहे.

कुलकुल हा नाताळचा गोड पदार्थ करायला सगळे जमिनीवर गोल बसले असतील तर ‘होम अलोन’ (1990, 103 मिनिटं). काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळवताना नजर खाली असते, आणि या सिनेमात आरडाओरडा ऐकून मान वर केली तरी काही चुकत नाही. शेवटचा चोरांच्या फजितीचा भाग भाषेशिवाय कळतो, त्यामुळे घरातली म्हातारी माणसंही हसतात. खरा नाताळ मात्र त्याआधीच्या चर्चमधल्या प्रसंगात आहे. मुलं ज्याला घाबरतात तो शेजारचा म्हातारा घरात एकट्या राहिलेल्या छोट्या केविनशेजारी बाकावर येऊन बसतो आणि मुलाशी बोलणं तुटल्याचं सांगतो. हा भाग कोणाला पुढे ढकलू देऊ नका. इस्त्री, खिळे आणि आगीचे प्रकार घरी करून बघायचे नाहीत, हे लहानांना आधीच बजावून ठेवा.

खरा पेच पुढच्या दोघांत पडतो. दोन्ही दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच आलेले, दोन्ही कृष्णधवल.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (1946) दिग्दर्शक फ्रँक काप्राचा. जॉर्ज बेलीला लहानपणापासून गाव सोडून जग बघायचं असतं. वडील जातात, त्यांची पेढी त्याच्या अंगावर पडते, धाकटा भाऊ शिकायला बाहेर जातो आणि हा गावातच राहतो. ज्या घरातले बाकीचे भाऊ चाकरमानी झाले आणि एकजण आईवडील, कलमं आणि कौलं सांभाळत मागे राहिला, त्या घरात ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. जॉर्जची पेढी म्हणजे आपली पतपेढीच. ठेवी काढायला गर्दी लोटते तो प्रसंग लक्ष देऊन बघा. तो लोकांना सांगतो, तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीत, ते याच्या घरात आहेत, त्याच्या घरात आहेत. मग मधुचंद्राच्या प्रवासासाठी ठेवलेले 2,000 डॉलर गरजेपुरते वाटत सुटतो, आणि पेढी बंद व्हायच्या वेळी हातात 2 डॉलर उरतात. पडद्यावर इतका सच्चा, गावाच्या उपयोगी पडणारा माणूस मी क्वचित पाहिला आहे.

पण लांबी 130 मिनिटं, आणि तू जन्मलाच नसतास तर गाव कसं असतं हे दाखवणारा देवदूत जॉर्जला भेटतो तोवर बराचसा सिनेमा संपलेला असतो. त्याआधी 8,000 डॉलर गहाळ होतात आणि जॉर्ज जीव द्यायला पुलावर उभा राहतो. घरात लहान मुलं असतील, किंवा कर्जाने कोणी नुकतंच पोळलं असेल, तर यंदा हा बाजूला ठेवा. ते पैसे दडपून ठेवणाऱ्या, गावातल्या लोभी धनाढ्य पॉटरला शेवटपर्यंत शिक्षा होत नाही, हेही मुलं विचारतीलच. मोठ्यांनी बघताना एक गंमत जरूर पाहावी. चित्रीकरण ऐन उन्हाळ्यात झालं. तोवर सिनेमात बर्फ म्हणून रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत, पण ते पायाखाली कुरकुरत. इथे आग विझवायच्या फेसात साबण मिसळून नवा बर्फ केला, आणि त्यासाठी ऑस्कर अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला.

‘मिरॅकल ऑन 34थ स्ट्रीट’ (1947) 96 मिनिटांचा. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात सांता म्हणून बसलेला म्हातारा म्हणतो की मी खराच सांता आहे, आणि प्रकरण कोर्टात जातं. एडमंड ग्वेनला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. नॉर्वे-स्वीडनच्या गोष्टींतला नव्हे, हा शेजारच्या वाडीत राहत असावा असा सांता वाटतो. हॉलंडमधून आलेली एक अनाथ मुलगी त्याच्या मांडीवर बसते. तिला इंग्रजी येत नाही. तो सरळ तिच्या डच भाषेत बोलतो, दोघं मिळून गाणं म्हणतात. ते बोलणं बघणाऱ्या कोणालाच कळत नाही आणि तरी सगळं कळतं. आमच्या आजीने तर कोर्टाच्या आधीच निकाल देऊन टाकला, ‘ह्येका तिची भाषा येता, म्हंजे ह्यो खरोच आसा.’ शेवटी टपालवाले सांताच्या नावाने आलेल्या पत्रांची पोतीच्या पोती न्यायाधीशांच्या टेबलावर ओततात, तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात.

तीन पिढ्या एकत्र बसणार असतील तर मी ‘मिरॅकल’च लावेन. मुलं कॉलेजात गेली असतील तर ‘वंडरफुल लाइफ’, तोही 25 च्या रात्री, पाहुणे निघून गेल्यावर. फक्त एक काळजी घ्या. सांतावर अजून विश्वास असलेलं पोर घरात असेल तर ‘मिरॅकल’मधली आई सुरुवातीलाच तो नसतो असं सांगते, त्याला तयार राहा. रंगीतच हवा असा हट्ट असेल तर 1994 ची नवी आवृत्ती आहे, रिचर्ड ॲटनबरोंची. ती गोड आहे, पण पत्रांची पोती त्यात नाहीत.

चार्ल्स डिकन्सच्या 1843 च्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या गोष्टीतल्या कंजूष स्क्रूजसाठी दोन वाटा आहेत. अलेस्टर सिमचा 1951 चा ‘स्क्रूज’ काळोखा आहे, साखळ्या ओढत येणारं, त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लीचं भूत दहा वर्षांखालच्यांना झोपू देणार नाही. त्यांच्यासाठी 1992 चा ‘द मपेट ख्रिसमस कॅरल’ घ्या. भोवती कापडी बाहुल्या असूनही स्क्रूज झालेला मायकेल केन शेवटपर्यंत गंभीरपणे काम करतो, म्हणून मोठ्यांनाही तो लागतो.

‘व्हाइट ख्रिसमस’ (1954) गाण्यांसाठी आणि नाचांसाठी लावा, कथेसाठी नको. बिंग क्रॉस्बीचा आवाज चालू ठेवून पानं मांडता येतात.

काहीही ठरवलं तरी दुपारीच उतरवून घ्या, संध्याकाळी रेंजचा भरवसा नसतो. हिंदी आवाज आहे का ते तेव्हाच तपासा. नसेल तर आजीशेजारी बसून सांगत राहील असं नातवंड आधी नेमून ठेवा. ‘वंडरफुल लाइफ’ची कापलेली आवृत्तीही फिरते, त्यात जॉर्जशिवायचं गाव दाखवणारा भागच गाळलेला आहे. लांबी 130 मिनिटं दिसली तरच सुरू करा.