खोट्या व्याख्यांचा खेळ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अपरिचित शब्दाची खरी व्याख्या खोट्या व्याख्यांच्या घोळक्यातून ओळखण्याचा हा खेळ आम्ही आठ महिन्यांपूर्वी घरात आणला आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी तो मांडला गेला आहे. पद्धत सोपी आहे. एक जण कोणालाही ठाऊक नसलेला शब्द काढतो, बाकीचे त्या शब्दाची मनाने रचलेली व्याख्या चिठ्ठीवर लिहून देतात, शब्द काढणारा त्या चिठ्ठ्यांत खरी व्याख्या मिसळून सगळ्या एका सुरात वाचून दाखवतो आणि मग प्रत्येक जण आपले मत देतो. खरी व्याख्या ओळखली तर दोन गुण, आपल्या थापेवर कोणी फसला तर प्रत्येक फसलेल्यामागे एक गुण आणि कोणालाच खरे ओळखता आले नाही तर वाचणाऱ्याला तीन गुण, असा आमच्याकडचा हिशेब आहे.

शब्दकोश उघडून असा खेळ खेळण्याची रीत जुनीच आहे. कॅनडातील लॉरा रॉबिन्सन आणि पॉल टॉइन यांनी १९८४ मध्ये ‘बाल्डरडॅश’ या नावाने तिला खोक्यात बसवले. माझ्याकडचा संच त्याच जातीचा, पण वेगळ्या छापाचा आहे. त्याच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पट आणि सोंगट्या दुसऱ्या महिन्यापासून खोक्याबाहेर निघालेल्या नाहीत, कारण गुण वहीत मांडणे अधिक सोयीचे पडते. खरी अडचण शब्द आणि त्यांच्या व्याख्या छापलेल्या पत्त्यांची आहे. सगळ्या व्याख्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या असल्यामुळे चार-पाच बैठकांनंतर ती लकब कानाला ओळखू येऊ लागते आणि अर्थ न कळताही खरे उत्तर सापडते. त्यात शब्द इंग्रजी असल्याने ज्याचे इंग्रजी वाचन अधिक, त्याच्याकडे डाव आपोआप झुकतो.

म्हणून तिसऱ्या महिन्यापासून आम्ही पत्ते बाजूला ठेवून मराठी कोशांवर खेळू लागलो आणि खेळ तेव्हा खऱ्या अर्थाने रंगला. दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, त्यामुळे शब्दांचा तुटवडा पडत नाही. मोल्सवर्थमधील अर्थ इंग्रजीत असल्याने ते आधी मराठीत उतरवून घ्यावे लागतात, आणि हे काम घाईने केले तर खरी व्याख्याच भाषांतरासारखी वाजून संशयास्पद ठरते. दाते-कर्वे त्या दृष्टीने बरा.

मराठीत खेळताना एक गोष्ट ध्यानात आली, जी इंग्रजी पत्त्यांवर कधीच जाणवली नव्हती. अनोळखी मराठी शब्दही आपल्याला पूर्ण अनोळखी वाटत नाही. कान लगेच त्याचा एखादा नातेवाईक शोधतो आणि त्या नात्याच्या आधारे थाप रचली जाते. ‘कोळवे’ हा शब्द काढला तेव्हा पाचांपैकी तिघांनी मासेमारीशी संबंधित काहीतरी लिहिले आणि ‘जाळे वाळत घालण्याची आडवी काठी’ या थापेने सर्वाधिक मते खेचली. प्रत्यक्षात कोळवे हे धान्य मोजण्याचे जुने माप असून ते शेराचा आठवा भाग असते. ‘चाडे’ या शब्दावर तर ‘चहाडी करणाऱ्याला मिळणारे बक्षीस’ अशी व्याख्या आली, जिने सगळ्यांना हसवले आणि एकही मत मिळवले नाही. पाभरीवर बसवलेले, बी सोडण्याचे पात्र हा खरा अर्थ त्या दिवशी कोणालाच पटला नाही.

या खेळात विनोदी माणूस जिंकत नाही, हे मला बऱ्याच उशिरा उमगले. जिंकतो तो रुक्ष लिहिणारा. कोशकार शब्दाची ओळख करून देताना आधी जात सांगतो, मग उपयोग, आणि गरज पडली तरच तपशील. ती चाल ज्याला साधली त्याची थाप बेमालूम मिसळते. आमच्यातील सर्वांत अबोल सदस्य ‘एक प्रकारचे जाड सूत’ एवढेच लिहून गुण घेऊन जातो, आणि मी मात्र उपमा सजवत बसतो.

मराठीत लिंगाचाही प्रश्न येतो. कोशात शब्दापुढे पु., स्त्री. किंवा न. असे लिहिलेले असते, आणि ते आधी जाहीर केले नाही तर नपुंसकलिंगी शब्दाला कोणीतरी ‘पक्षी’ ठरवतो व पहिल्याच फेरीत उघडा पडतो. म्हणून आम्ही शब्दाबरोबर लिंगही सांगतो. वाचणाऱ्याने सर्व चिठ्ठ्या मनातल्या मनात एकदा वाचून घेणे हेही तितकेच आवश्यक आहे. एखाद्याच्या अक्षरापाशी तो अडखळला की ती चिठ्ठी खोटी हे सर्वांना कळते.

भांडणे झाली ती मुख्यतः अनेक अर्थांच्या शब्दांवरून. ‘अढी’ काढणाऱ्याने पिकण्यासाठी पेंढ्यात घातलेल्या फळांची रास हा अर्थ धरला होता, तर एकाने थाप म्हणून नव्हे, ठाऊक होता म्हणून ‘मनातील आकस’ असे लिहिले. दोन्ही बरोबर. तेव्हापासून खरा अर्थ लिहून देणाऱ्याला तीन गुण देऊन तो शब्द बाद करायचा आणि शंका आल्यास कोशात असेल ते खरे मानायचे, असा नियम केला. (कोशावर इतका विश्वास ठेवावा का, हा प्रश्न उरतोच: वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘डॉर्ड’ हा अस्तित्वातच नसलेला शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला होता, कारण ‘डी’ या संक्षेपाविषयीची, ‘D or d’ असे लिहिलेली चिठ्ठी चुकून शब्दांच्या चिठ्ठ्यांत गेली. पुढे १९३९ मध्ये व्युत्पत्ती नसलेली ती नोंद एका संपादकाच्या नजरेस पडली. आमच्या खेळात तो शब्द नि:संशय खरा ठरला असता.)

खेळाडू पाच ते सात असावेत. तिघांत निवड फारच सोपी होते, आणि आठांच्या पुढे पहिली व्याख्या काय होती हे शेवटची वाचेपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही.

शब्दसंग्रह वाढतो या अपेक्षेने कोणी हा खेळ घेणार असेल, तर माझा अनुभव थोडा निराळा आहे. वहीत दीडशेहून अधिक शब्द जमले आहेत, पण वही मिटून आठवायला बसलो की खऱ्या अर्थांपेक्षा गाजलेल्या थापाच आधी आठवतात. कोळवे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे अजूनही ती जाळ्याची काठीच उभी राहते. यावर उपाय म्हणून आता प्रत्येक फेरीनंतर वाचणारा खरा अर्थ पुन्हा सांगतो आणि तो शब्द वापरून एक वाक्य करतो. त्यात मिनिटभर जातो आणि पुढचा शब्द काढायला टपलेला खेळाडू दर वेळी कुरकुरतो.