वॉकी टॉकी म्हणून सिमवाला सेट गळ्यात मारला, घेताना बघून घ्या

वादळात मोबाईल बंद पडतात म्हणून घरच्यांशी बोलायला दोन वॉकी टॉकी घेतले होते. विकणारा म्हणाला, साहेब हा घ्या, याला रेंजची लिमिटच नाही, दुसऱ्या राज्यातूनही बोलाल आणि लायसनची कटकट नाही. दाखवताना एक सेट माझ्या हातात देऊन दुसरा घेऊन स्वतः लांब रस्त्यापलीकडे गेला, आवाज एकदम खणखणीत, फोनपेक्षा क्लिअर. फक्त बटण दाबल्यावर आवाज किंचित उशिरा पोचत होता, विचारलं तर म्हणे डिजिटल आहे ना, तसंच असतं.

मग खरंच वादळ आलं, लाईट गेली, काही तासांनी टॉवरच्या बॅटऱ्याही उतरल्या आणि मोबाईलबरोबर हे दोन्ही सेट पण ठप्प. भाऊ खालच्या मजल्यावर, मी वरच्या, मधे एक जिना, आणि तो बटण दाबतोय तर माझ्याकडे नुसतं टूं टूं आणि स्क्रीनवर नो नेटवर्क! शेवटी जिन्यात उभं राहून ओरडून बोललो. नंतर बॅटरी काढली तर मागे चक्क सिमचा खाचा, सिम बसवलेलं. वरचा तो जाडजूड अँटेना फिरवून काढला तर आत वायरच नाही, नुसतं रबर.

म्हणजे हा वॉकी टॉकीच्या वेशातला मोबाईलच. आवाज टॉवरवरून कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि तिथून दुसऱ्या सेटला, म्हणून रेंज अमर्याद, म्हणून लायसन नको, म्हणूनच तो उशीर. टॅक्सीवाले, सिक्युरिटीवाले वापरतात असे सेट, त्यांच्या कामाला ठीक आहेत, पण टॉवर पडल्यावर बोलायचं म्हणून कोणी हे विकत असेल तर सरळ फसवणूक आहे. वर सर्व्हरचं वर्षाचं भाडं वेगळं, ते संपलं की नेटवर्क असूनही सेट मुका, आणि हे तर विकताना सांगितलंच नव्हतं.

ओळखायचं कसं, तर सिम काढायला लावा आणि मग दोन्ही सेट समोरासमोर बोलून दाखवा म्हणा. खरा रेडिओ सेट ते सेट थेट बोलतो, त्याला मधे कोणी लागत नाही. माहितीपत्रकात फोरजी, एलटीई असलंच काही मोबाईल नेटवर्कचं नाव असेल आणि १३६ ते १७४ किंवा ४०० ते ४७० च्या आसपासचे मेगाहर्ट्झ, म्हणजे अशा रेडिओच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सी, कुठेच नसतील तर उठून चालू लागा. खऱ्याला बऱ्याच देशांत लायसन लागतं किंवा कमी पॉवरच्या ठराविक फ्रिक्वेन्सीवरच विनालायसन चालतं, युरोपात ४४६ मेगाहर्ट्झला अर्धा वॅट.

परत द्यायला गेलो तर म्हणे सेट चालू आहे, तुमच्याकडे नेटवर्क नव्हतं त्याला मी काय करू. अरे, नेटवर्क नसताना चालावा म्हणूनच घेतला ना बाबा! मग बदलून देतो म्हणून दुसरा काढला, हा खरा रेडिओ होता पण डब्यावर ठळक ५० किमी. या रेडिओच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वी गोल, त्यामुळे सपाट मैदानात उभी दोन माणसं हिशेबाने १० किमीच्या आसपास बोलू शकतील, इमारतींच्या गर्दीत एक दोन किमी मिळाले तरी भरपूर. ५० पाहिजे तर दोघांनीही १२ मजली गच्चीवर जाऊन उभं राहायचं आणि मधे काही नको. तोही नाही घेतला. पैसे अजून अडकलेत कारण पावतीवर नुसतं वॉकी टॉकी दोन नग लिहिलंय, तुम्ही घ्याल तेव्हा "सिमशिवाय, नेटवर्कशिवाय चालतो" असं पावतीवरच लिहून घ्या.